उलट्या तोंडाचे वाघ

सरजाबाईच्या दुकानात नियम एकच होता: आधी कार्ड, मग टाका. तिच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, तो घालून दिला होता आणि लिंबाजी गेल्यावरही तिनं तो मोडला नव्हता. मुदखेडला जवानांच्या प्रशिक्षण केंद्राच्या गेटासमोर पत्र्याच्या दुकानांची रांग आहे, तिच्यात हे दुकान शेवटचं. वर्दीवर लागणारं सगळं तिथं भरून मिळायचं. छातीवरच्या नावाच्या पट्ट्या, खांद्यावरच्या फिती आणि दंडावर लावायचे भरतकामाचे बिल्ले. ओळखपत्र दाखवल्याशिवाय सरजाबाई मशीनला पाय लावत नसे. एकदा कुण्या साहेबाचा मेव्हणा गाडीच्या काचेमागं मिरवायला बिल्ला मागायला आला. तिनं त्याला बसवलं, चहा पाजला आणि तसाच वाटेला लावला.

लिंबाजी स्वतः कधी फौजेत नव्हता. उंची दोन बोटं कमी पडली आणि माणूस जन्मभर फौजेचे कपडे शिवत राहिला. पण बिल्ल्याबद्दल बोलायला लागला की भल्याभल्या सुभेदारांनी ऐकत बसावं. तो म्हणायचा, "बिल्ला म्हंजे नटायची चीज न्हाई. ह्यो माणूस कुठं उभा राहिला अन् त्याच्या बाजूला कोण उभं व्हतं, ते सांगणारी खूण हाय ती. ज्याच्या बाजूला कुणी उभंच न्हाई राहिलं, त्यानं लावून काय करायचं?"

सरजाबाई त्याच्याच हाताखाली शिकली. रिंगमध्ये कापड ताणून बसवायचं, पायानं मशीन चालवायची आणि हातानं रिंग फिरवत चित्र भरत जायचं. पहिल्या वर्षी तिनं एक घोडचूक केली होती. ज्या बिल्ल्यावर जनावर असतं, त्याची जोडी असते, एक डाव्या दंडाचा आणि एक उजव्या दंडाचा. जनावराचं तोंड नेहमी पुढं, जवानाची छाती असते त्या बाजूला हवं. सरजाबाईनं डावा उजव्या बाहीला आणि उजवा डाव्या बाहीला शिवला. लिंबाजीनं शर्ट हँगरला लावून तिला समोर उभं केलं. "बघ, जवान चाललाय पुढं अन् वाघ पळून राहिलेत मागं. शत्रू दिसला की ह्ये घरी निघाले!" आजूबाजूचे दुकानदारही हसले होते. तेव्हापासून तिच्या हातून अशी चूक पुन्हा झाली नाही.

गिऱ्हाइकंच तिला खुणांचे अर्थ सांगत. बिल्ला भरून होईपर्यंत स्टुलावर बसायचं म्हणजे जवानाला बोलायला विषय हवाच. कुणी सांगे, ही निळी रेघ म्हणजे नदी, तिच्या काठी आमची मागची पिढी लढली. कुणी सांगे, हा तांबडा असाच गडद पाहिजे, मावशी, फिका चालणार नाही, आणि पुढं काही न बोलता बाहेर बघत बसे. ती धागा बदलायची. असं ऐकून ऐकून तिला इतक्या पलटणींची खडान्खडा माहिती झाली होती की केंद्रातली पोरं तिची परीक्षा घ्यायला यायची आणि खजील होऊन जायची.

आता ती सगळी गंमत आटली होती. कॉम्प्युटरवर भरलेले चकचकीत बिल्ले गठ्ठ्यानं बाजारात आले होते, पोरं तेच घेत. सरजाबाईकडं उरली होती उसवलेल्या पट्ट्या पुन्हा लावायची किरकोळ कामं. कंबर दुपारपासूनच बोलायला लागायची. मशीनवरून उठायचं म्हटलं तरी आधी दोन्ही हातांनी टेबल धरावं लागे. तिला खरं म्हणजे दुकान बंद करून नुसतं पडून राहायचं होतं. एकच ओढ होती. तिचा मुलगा प्रेम अग्निवीर म्हणून भरती झाला होता, आणि त्याच्या पलटणीचा बिल्ला तिला आपल्या हातानं भरायचा होता. तेवढा एक भरला की रिंग खुंटीला.

प्रेम संक्रांतीच्या सुमारास घरी आला. ट्रेनिंग संपलं, आता पोस्टिंगच्या आधीची लांब सुट्टी आहे, असं त्यानं सांगितलं. सरजाबाईनं खोलात जाऊन विचारलं नाही. लेकरू घरात दिसतंय यातच ती खूश होती. तो दुकानात येऊन बसायचा, पाय लांब सोडून मोबाइल बघत राहायचा. पोरगं दमलंय, बसू दे, असं ती स्वतःला सांगे. त्यातच रेणापूरची सोयरीक जुळली. मुलगी लुंबिनी लातूरला दवाखान्यात नर्स होती. तिचे वडील शेषेराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा अजून तशाच, चालणं अजून कवायतीचं. मुलगा फौजेत आहे एवढं ऐकल्यावर त्यांनी बाकी काही विचारलं नाही. साखरपुड्याची तारीख ठरवताना त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "इनबाई, पोरगा वर्दीत येऊ द्या. आमच्या गावाला बी दिसू द्या."

त्याच आठवड्यात प्रेमनं मोबाइल आईपुढं धरला. पडद्यावर बिल्ल्याचा फोटो होता: हिरव्या कापडावर झेप घेणारा वाघ, खाली दोन काळे पट्टे.

"आई, पोस्टिंग आलंय माझं. ह्ये भरून दे. दोन्ही दंडाला."

सरजाबाईला भरून आलं. किती दिवसांची वाट बघितली होती तिनं! आणि असं भरून आलं की आपल्याकडची माणसं जे करतात तेच तिनं केलं, थट्टा केली. तोंड फुगवून, लिंबाजीच्या आवाजात ती म्हणाली, "आधी कार्ड, मग टाका. काढ कार्ड."

प्रेम हसला नाही. त्यानं खिशाकडं हात नेला आणि तो हात तिथंच राहिला.

सरजाबाई थांबली. जवान एक वेळ जेवण विसरेल, कार्ड विसरत नाही. "घरी ऱ्हायलं का?"

"हाव."

"मग आण जा."

तो जागचा हलला नाही. मग त्यानं सांगितलं. ट्रेनिंग संपत आलं असताना अडथळ्यांच्या सरावात खंदकावरून उडी मारली आणि गुडघ्यातून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. दवाखान्यात ठेवलं, मग डॉक्टरांच्या बोर्डापुढं उभं केलं, अनफिट म्हणून घरी पाठवलं. कार्ड तिथंच जमा झालं. तो संक्रांतीच्या सुट्टीवर आलाच नव्हता. त्याला कायमचं घरी धाडलं होतं.

"अन् तू इतके दिवस मला सांगून राहिलास पोस्टिंग, पोस्टिंग?"

"काय सांगू? गावात पोरीचे बाप शेतीवाल्याला देईनात, दुकानवाल्याला देईनात. लुंबिनीसारखी नर्स पोरगी मला कामून देतील? एकदा लग्न होऊ दे. मग मी सोता सांगतो तिला. तुझ्या गळ्याची आण."

"माझा गळा नगं मधी आणू."

"आई, एवढं एकदाच. म्या कधी मागितलं का तुला काही?"

आणि खरंच मागितलं नव्हतं. बाप गेल्यावर शाळेतून येऊन या पोरानं दुकान झाडलं होतं, बॉबिना भरून दिल्या होत्या. सरजाबाईला राग आला, पोराचा आला, भरतीचा आला, त्या न पाहिलेल्या खंदकाचा आला. पण राग धरून ठेवायलाही अंगात ताकद लागते आणि तिची ताकद संपलेली होती. ती त्याला घालूनपाडून बोलली. लोकांना तोंड कसं दाखवू म्हणाली, तुझा बाप असता तर म्हणाली, जे जे आया म्हणतात ते सगळं म्हणाली. तो ऐकत राहिला. शेवटी तिनं हिरवं कापड रिंगमध्ये ताणलं.

दोन दुपारी ती वाघ भरत होती. हात सरावाचा, वाघ जिवंत उतरत गेला. पट्टे, मिशा, पंजाची नखं, सगळं जागच्या जागी. ज्या बिल्ल्यासाठी ती इतकी वर्षं थांबली तो असा, चोरासारखा, शटर अर्धं ओढून भरावा लागावा याचं तिला लई वाईट वाटलं. एकदा वाटलं, कात्री घ्यावी आणि मधोमध चालवावी. एकदा वाटलं, रेणापूरला फोन लावावा. फोन तिनं हातात घेतलाही होता. नंबर लागायच्या आधीच कापला. काय बोलणार? माझा मुलगा खोटा आहे? आईच्या जिभेवर ते वाक्य चढेना.

शेवटचा टाका झाल्यावर बिल्ले बाहीला शिवायची वेळ आली. प्रेमकडं वर्दीचा एक जोड राहिला होता. तिनं शर्ट टेबलावर पसरला. डाव्याचा वाघ हातात घेतला, डाव्या बाहीवर ठेवला. बराच वेळ बघितलं. मग उचलला आणि उजव्या बाहीवर ठेवला.

शेषेराव हवालदार आहेत, तिनं मनाशी म्हटलं. जन्म गेला त्यांचा वर्दीत. एका नजरेत ओळखतील. म्हणतील, वाघ उलटे कसे? कोणत्या पलटणीत असले वाघ? मग विचारपूस होईल, कार्डाचा विषय निघेल, पोरगं आपल्या तोंडानं सांगेल. मला काही बोलावं लागणार नाही. तिनं दोन्ही बिल्ले अदलून शिवले, बारीक, पक्क्या टाक्यांनी. शर्ट घडी घालून पिशवीत ठेवला आणि प्रेमला सांगितलं, तिथं जाऊन घाल, बसमध्ये चुरगळेल.

रविवारी ते निघाले. नांदेडपर्यंत रेल्वे, तिथून लातूरची एसटी. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेली रानं. सरजाबाईच्या मांडीवर पिशवी होती. प्रेम पुढच्या सीटवर कडेला बसला होता, एक पाय मधल्या वाटेत सोडून. कंडक्टर दोनदा त्याच्यावर खेकसला. अजून वेळ आहे, सरजाबाईला वाटत होतं, आताही सांगता येईल, परत फिरता येईल. चाकूर मागं पडलं, लातूर आलं, रेणापूरच्या गाडीत बसेपर्यंत तिनं काही तोंड उघडलं नाही.

शेषेरावांच्या घरासमोर मांडव होता. पाहुणे, शेजारी, विहारातली मंडळी, सगळी जमलेली. जय भीम, जय भीम झालं. प्रेमला कपडे बदलायला आतल्या खोलीत नेलं. तिथं आरसा नव्हता, होती धान्याची पोती आणि घाई करणारी चार पोरं. तो वर्दीत बाहेर आला तसा मांडवात एक समाधानाचा आवाज झाला. पोरगं दिसत होतंच तसं. सरजाबाईला आपल्याच पोराकडं बघवेना आणि नजर काढवेना.

तथागताच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लागल्या. सगळ्यांनी हात जोडले, त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळा मांडव एका सुरात म्हणत होता, प्रेमही म्हणत होता, स्वच्छ आवाजात, लहानपणापासून पाठ होतं त्याला. सरजाबाईचा आवाज मात्र तिसऱ्या शीलापाशीच बसला. तिनं नुसते ओठ हलवले.

मग हार झाले, फोटो झाले. शेषेराव प्रेमच्या शेजारी ताठ उभे राहिले. फोटोवाल्यानं त्यांना बाजूला वळायला सांगितलं, तेव्हा त्यांची नजर जावयाच्या दंडावर गेली. ते वाकून बघू लागले. त्यांनी उजवा दंड बघितला, मागून फिरून डावा बघितला.

"इनबाई," शेषेराव म्हणाले, "काम झकास हाय. पन ह्ये वाघ उलटे कसे हो? दोन्ही बी मागं पळून राहिलेत."

प्रेमनं मान वळवून आपला दंड बघितला. तो त्या दुकानात वाढलेला पोरगा. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं वर बघितलं, थेट आईकडं, आणि त्या एका नजरेत सरजाबाईला कळलं की याला कळलं.

क्षणभर तिला वाटलं, आता सांगेल. माझं लेकरू आहे, सांगेल.

प्रेम हसला. "मामा, आईचे डोळे गेलेत आता. आधीसारखं दिसत न्हाई तिला. म्या म्हनलं व्हतं, बाहेरून करून घेतो, तर ऐकतच न्हाई."

मांडव हसला. वाईट हसला नाही, आपुलकीनंच हसला. कुणीतरी म्हणालं, वय झालंच की. एक बाई म्हणाली, आईनं केलंय ना, मग उलटं काय अन् सुलटं काय. शेषेरावही हसले आणि त्यांनी प्रेमच्या पाठीवर थाप मारली. "असू दे, असू दे. लग्नाला सरळ करून घिऊ."

संपलं. गोष्ट मिटली होती. सरजाबाईनं नुसतं हसून पदर सारखा केला असता तरी चाललं असतं. लग्न लागलं असतं, पोरगा खूश झाला असता, आणि ती मुदखेडला परत जाऊन दुकानाला कुलूप लावून पडली असती, गावभर डोळे गेलेली म्हातारी म्हणून. तिला डोळ्यांचं एवढं वाटलं नाही. पण समोर लुंबिनी उभी होती, हातात पेढ्यांचं ताट, आणि तीही हसत होती. लिंबाजीनं आणि तिनं जन्मभर अनोळखी माणसांकडं कार्ड मागितलं होतं, आणि या पोरीला मात्र कुणी काही दाखवणार नव्हतं.

"माझे डोळे चांगले हायत," सरजाबाई म्हणाली.

आवाज बारीक निघाला. तिनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "माझे डोळे चांगले हायत, इवाई. वाघ म्या जाणून उलटे लावले. मला वाटलं तुमी वळखसाल. माझं पोरगं फौजेत न्हाई आता. गुडघा मोडला, घरी धाडलं त्याला. संक्रांतीपासून घरी हाय."

स्पीकरवाल्यानं गाणं बंद केलं. प्रेम वर्दीत तसाच उभा राहिला, हार गळ्यात, मान खाली. शेषेराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "इनबाई, ह्ये फोनवर सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का? माणसं बोलवून, मांडव घालून... वाघ उलटे लावून सांगायची गोष्ट हाय का ही?"

ते बरोबर बोलत होते. सरजाबाई सतरंजीवर बसली आणि आता उठवणार कोण, असा एक भलताच विचार तिच्या डोक्यात आला. पाहुणे एकेक करून चपला शोधायला लागले. लुंबिनीची आई आत गेली, तिच्या रडण्याचा आवाज आला.

लुंबिनीनं ताट खाली ठेवलं. ती प्रेमच्या समोर गेली. सगळ्यांना वाटलं, आता ही थोबाडीत देते. प्रेमलाही तसंच वाटलं असावं, त्यानं डोळे मिटले.

"कोनता गुडघा?" तिनं विचारलं.

त्यानं डोळे उघडले. "डावा."

"बस." तिनं खुर्ची ओढली. "चढताना दुखतो का उतरताना?"

"उतरताना. पायऱ्या असल्या की."

"रात्री ठणकतो?"

"हाव. झोप येत न्हाई."

"मग इतके दिवस दाखवलं का न्हाईस कुणाला?"

प्रेमनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि त्याला रडू फुटलं. एवढा जवान गडी, वर्दीत, गळ्यात हार घालून, सगळ्या मांडवादेखत हुंदके देऊन रडला. लुंबिनी त्याच्या पायाशी बसली होती आणि पँटवरूनच बोटांनी गुडघा चाचपत होती. लग्नाचं तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फक्त त्याचा पाय हळूच सरळ करत होती, दुखलं की सांग म्हणत होती.

सरजाबाई सतरंजीवरून बघत राहिली. पोराला ती चोर म्हणाली होती, खोटारडा म्हणाली होती, बापाचं नाव घालवलंस म्हणाली होती. त्यानं वाघ मागितले तेव्हा वाघ भरून दिले होते, उलटे लावले होते, आज खरंही बोलून झालं होतं. कोणता गुडघा, हे मात्र तिनं विचारलं नव्हतं.